रोग आणि स्वभाव : छिन्नमनस्कतेच्या इतिहासांतील एक वाद

घरांतील एखादा तरुण मुलगा आपणांस कोणी विष घालीत आहे असा संशय घेऊं लागला, किंवा जवळ कोणी नसतांना कोणाचे तरी बोल ऐकूं लागला, म्हणजे पहिल्या धक्क्यांतून सावरल्यावर घरचीं वडीलधारीं माणसें बहुधा एक वाक्य बोलतात : "तो पहिल्यापासूनच जरा निराळा होता." आई म्हणते, तो पोरांत मिसळत नसे. चुलते म्हणतात, तो फार हट्टी. शेजारी म्हणतात, इतका शहाणा मुलगा साऱ्या आळींत नव्हता, आणि तेथेंच कांहीं तरी पाणी मुरत होतें. ह्या तिन्ही साक्षी एकाच मुलाविषयींच्या असतात. तो खरोखरच निराळा होता, कीं आज तो आजारी आहे म्हणून त्याचें कालचें वागणें आज निराळें भासतें? डॉक्टरांनीं हाच प्रश्न सव्वाशें वर्षांपूर्वीं विचारण्यास आरंभ केला, आणि त्याच्या उत्तरावर पुढें लाखों माणसांचें भवितव्य लटकलें. त्या प्रश्नाची हकीकत आजच्या भाषणांत सांगावयाची आहे.

प्रथम नांवाविषयीं दोन शब्द. छिन्नमनस्कता हा शब्द स्किझोफ्रेनिया ह्या शब्दाचें मराठी रूप आहे, आणि दोन्ही भाषांत त्यानें एकच घोटाळा करून ठेवला आहे. छिन्न मन म्हटलें कीं दिवसा सज्जन व रात्रीं दुर्जन असणारा, एका देहांत दोन माणसें वागविणारा नाटकांतला नायक लोकांच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. त्या प्रकाराशीं ह्या रोगाचा संबंध नाहीं. येथें विचार, भावना आणि इच्छा यांची एकमेकांशीं असलेली जुळणी सुटते. भास होतात, खोट्या समजुती पक्क्या होतात, बोलण्यांतील दुवे तुटतात, आणि पुष्कळदां उत्साह व आस्था हीं दोन्ही आटून जातात. शंभर माणसांत एकाहूनही कमी जणांना आयुष्यांत केव्हां तरी हा रोग होतो. परंतु तो बहुधा ऐन तारुण्यांत होतो, म्हणून त्याचा घाव खोल लागतो.

एमिल क्रेपेलिन हे जर्मन अध्यापक १८९१ पासून १९०३ पर्यंत हायडेलबर्ग येथें व त्यानंतर म्यूनिक येथें होते. त्यांची पद्धति हिशेबनिसाची होती. प्रत्येक रोग्यामागें एक पत्रक. त्यावर रोग कसा सुरू झाला, कोणतीं लक्षणें दिसलीं, पुढें काय झालें याची नोंद. आणि वर्षांमागून वर्षें तीं पत्रकें चाळून त्यांचे गठ्ठे लावावयाचे. ह्या गठ्ठ्यांतून, १८९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाठ्यपुस्तकाच्या सहाव्या आवृत्तींत, एक मोठी विभागणी निघाली. एका बाजूस उन्माद व विषाद यांच्या लाटा येऊन ओसरणारा विकार, आणि दुसऱ्या बाजूस तारुण्यांत सुरू होऊन बुद्धि व इच्छाशक्ति यांना हळूहळू पोखरणारा विकार. ह्या दुसऱ्या विकारास ते अकालीं आलेली बुद्धिभ्रष्टता अशा अर्थाच्या लॅटिन नांवानें ओळखीत. आज आपण ज्यास छिन्नमनस्कता म्हणतों तो बहुतांशीं हाच.

ह्या रोग्यांचें बाळपण कसें होतें, हेंही क्रेपेलिन यांनीं टिपलें आहे. पुढल्या आवृत्तींत ते सांगतात कीं, ह्यांतील पुष्कळ मुलगे लहानपणीं शांत, लाजाळू, एकलकोंडे असत. त्यांना मित्र नसत. मुलींत चिडखोरपणा, हळवेपणा आणि हट्ट अधिक आढळे. कांहीं मुलगे आळशी, उनाड, कोठेंच टिकून न राहणारे निघत. आणि कांहीं नेमके ह्याच्या उलट : आज्ञाधारक, गरीब स्वभावाचे, अभ्यासू, खोड्यांच्या वाऱ्यासही उभे न राहणारे, आदर्श बालक.

आतां ह्या यादीकडे जरा थांबून पाहावें. लाजाळू मुलगा तींत आहे, उनाड मुलगा आहे, चिडखोर मुलगी आहे, आणि ज्याच्याकडे बोट दाखवून इतर आया आपल्या मुलांना शिकवण देतात तो गुणी बाळही आहे. चाळीस मुलांच्या एखाद्या वर्गास ही यादी लावली, तर बाहेर कितीसे उरतील? क्रेपेलिन हे प्रामाणिक निरीक्षक होते; जें कानावर आलें तें त्यांनीं लिहिलें. परंतु जें कानावर आलें तें रोग जडल्यानंतर नातलगांच्या आठवणींतून आलें होतें. शेजारच्या घरांतील निरोगी मुलाच्या आईस असाच प्रश्न कोणी विचारला नव्हता. तुलना करावयाची तर तराजूस दोन पारडीं लागतात. येथें एकच होतें.

दुसरें मोठें नांव ऑयगेन ब्लॉयलर यांचें. झुरिकजवळच्या एका खेड्यांत १८५७ सालीं जन्मलेला हा मनुष्य क्रेपेलिन यांच्याहून निराळ्या घडणीचा. राइन नदीकांठीं राइनाऊ येथें एका जुन्या मठांत चालविलेल्या वेड्यांच्या इस्पितळांत त्यांनीं १८८६ पासून १२ वर्षें काढलीं, आणि तीं रोग्यांच्या सहवासांत काढलीं. त्यांच्याबरोबर काम करावें, फिरावयास जावें, त्यांच्याशीं त्यांच्याच बोलींत बोलावें, असा त्यांचा क्रम होता. त्यांची स्वतःची बहीण मनोविकारानें आजारी होती. तेव्हां हा विषय त्यांना केवळ पुस्तकांतून ठाऊक नव्हता. १८९८ सालीं ते झुरिकच्या बुर्गहोल्त्स्ली ह्या प्रसिद्ध इस्पितळाचे मुख्य झाले, आणि एप्रिल १९०८ मध्यें बर्लिन येथील एका व्याख्यानांत त्यांनीं स्किझोफ्रेनिया हा शब्द प्रथम उच्चारला. १९११ सालीं त्यांचा ग्रंथ आला. रोग अकालीं येतोच असें नाहीं, आणि बुद्धि भ्रष्ट होतेच असेंही नाहीं, म्हणून जुनें नांव टाकावें, असें त्यांचें म्हणणें होतें.

ह्या सहृदय वैद्यानेंच मात्र एक दार उघडें ठेवलें. रोगाचीं उघड लक्षणें कधींच न दाखविणारीं, परंतु विक्षिप्त, संशयी, तुटक स्वभावाचीं अशीं पुष्कळ माणसें समाजांत असतात, आणि त्यांच्यांत हाच रोग सुप्त रूपानें वसत असतो, असें ब्लॉयलर यांनीं लिहिलें. सुप्त रूपच सर्वांत अधिक आढळतें, असेंही ते म्हणत. म्हणजे रोगी व निरोगी यांमधील भिंत पडली, आणि तिच्या जागीं एक लांबच लांब उतरण आली.

ही उतरण नकाशावर रेखून दाखविली ती एर्न्स्ट क्रेत्श्मर यांनीं. ट्यूबिंगेन येथील ह्या तरुण डॉक्टराचें शरीराची ठेवण व स्वभाव यांवरील पुस्तक १९२१ सालीं निघालें, आणि थोड्याच वर्षांत युरोपभर वाचलें गेलें. सुमारें २६० रोग्यांचीं शरीरें मोजून त्यांनीं ठरविलें कीं, गोल, भरदार बांध्याच्या माणसांचा ओढा उन्माद व विषाद यांकडे असतो, तर छिन्नमनस्क रोग्यांत किरकोळ, उंचेल्या बांध्याचीं माणसें बहुसंख्य असतात. ह्यापुढें जाऊन त्यांनीं तीन पायऱ्या मांडल्या. पहिली, निरोगी परंतु अंतर्मुख मनुष्य, दुसरी, विक्षिप्त मनुष्य, तिसरी, रोगी. तिघांच्या स्वभावाचें सूत एकच, पीळ मात्र कमीअधिक. अंतर्मुख स्वभावाचें त्यांनीं केलेलें वर्णन मार्मिक आहे, हें कबूल केलें पाहिजे. असा मनुष्य केवळ थंड नसतो. तो एके ठिकाणीं अतिशय हळवा आणि दुसऱ्या ठिकाणीं बधिर असतो, हें त्यांनीं ओळखलें.

पण मोजमापांत एक साधी गोम होती. उन्माद व विषाद यांचे रोगी बहुधा वयानें मोठे असतात, आणि वय वाढलें म्हणजे माणूस अंगानें भरतो. छिन्नमनस्कता तरुणपणीं येते, आणि तरुण मनुष्य सडपातळ असतो. ही गोष्ट टीकाकारांनीं दाखवून दिली, तेव्हां शरीराच्या बांध्याचा पुरावा पुष्कळसा ढिला पडला. उतरणीची कल्पना मात्र लोकांच्या मनांत रुजून बसली. आपल्या वर्गांतील मुका मुलगा कोणत्या पायरीवर आहे, हें पाहण्याचा मोह शिक्षकांना, डॉक्टरांना आणि शेवटीं सरकारांना पडला.

सरकारचा मोह सर्वांत महाग पडला. मनोविकारग्रस्तांना संतति होऊं देऊं नये हा विचार जर्मनीचा एकटीचा नव्हे. सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा अमेरिकेंतील इंडियाना संस्थानानें १९०७ सालींच केला होता. पण जर्मनींत १४ जुलै १९३३ रोजीं जो कायदा झाला त्यानें ह्या कामास यंत्राचें रूप दिलें. ज्या रोगांसाठीं निर्बीजीकरण करावयाचें त्यांच्या यादींत छिन्नमनस्कता नांवानिशीं होती. निवाडा करण्यासाठीं खास न्यायालयें उभीं राहिलीं. कायद्यावरील अधिकृत टीकाग्रंथाच्या लेखकांत एर्न्स्ट र्यूडिन यांचें नांव होतें. हे क्रेपेलिन यांचे शिष्य, आणि त्यांनींच स्थापन केलेल्या म्यूनिकच्या संशोधनसंस्थेंतील आनुवंशिकतेचे तज्ज्ञ. ह्यांतील खेदाचा भाग असा कीं, र्यूडिन यांनींच १९१६ सालीं रोग्यांच्या भावंडांचा हिशेब काढला होता, आणि आईबाप निरोगी असतां भावंडांत हा रोग होण्याचें प्रमाण शंभरांत पांचाहूनही कमी भरलें होतें. त्यांच्याच आंकड्यांवरून सरळ आनुवंशिक नियम बसत नव्हता. आंकडे कपाटांत राहिले, आणि कायदा बाहेर पडला.

उतरणीच्या तत्त्वानें ह्या भयंकर कामास आणखी खालीं नेण्याची तयारी दाखविली. १९३५ सालीं बर्लिन येथें भरलेल्या लोकसंख्येविषयींच्या परिषदेंत फ्रांत्स कालमान ह्या संशोधकानें असा पक्ष मांडला कीं, रोग्यांचे जे नातलग स्वतः रोगी नाहींत, परंतु ज्यांच्या ठिकाणीं बीज असावें, तेही हुडकून काढले पाहिजेत. कालमान स्वतः ज्यू कुळांतले. पुढच्याच वर्षीं त्यांना जर्मनी सोडून अमेरिकेस जावें लागलें. एकूण सुमारें ४ लाख माणसांचें निर्बीजीकरण झालें. १९४० पासून ऑगस्ट १९४१ पर्यंत इस्पितळांतील ७० हजारांवर रोगी, त्यांत छिन्नमनस्क म्हणून नोंदलेले पुष्कळ, विषारी वायूनें मारण्यांत आले. आणि त्यानंतरही उपासमारीनें व औषधांनीं मारण्याचें काम युद्ध संपेपर्यंत चालू राहिलें.

युद्धानंतर आनुवंशिकतेचें नांव काढणेंही लोकांना नकोसें झालें, हें स्वाभाविक होतें. पण दोष ठेवण्याची संवय गेली नाहीं. तिनें घर बदललें. १९४८ सालीं अमेरिकेंत स्थायिक झालेल्या फ्रीडा फ्रॉम-राइकमान ह्या मानसचिकित्सक बाईंनीं छिन्नमनस्कता उत्पन्न करणारी आई अशा अर्थाचा एक शब्द वापरला. मग पंचवीस-तीस वर्षें रोग्याच्या स्वभावाऐवजीं त्याच्या आईच्या स्वभावाची झडती चालली. आई थंड असेल तर ती दोषी, आणि फार मायाळू असेल तरीही दोषी. ह्या मतास पुरावा कधींच मिळाला नाहीं. मिळालें तें हजारों आयांना जन्मभराचें अपराधीपण.

ह्या मतास मोठा धक्का दिला तो लिओनार्ड हेस्टन यांनीं १९६६ सालीं. अमेरिकेंतील ओरेगॉन प्रांताच्या इस्पितळांत छिन्नमनस्क मातांच्या पोटीं जन्मलेलीं, आणि जन्मानंतर थोड्याच दिवसांत आईपासून दूर केलेलीं ४७ मुलें त्यांनीं मोठेपणीं हुडकून काढलीं. तुलनेसाठीं ज्यांच्या मातांस हा रोग नव्हता, परंतु जीं तशींच परक्यांकडे वाढलीं, अशीं ५० मुलें घेतलीं. पहिल्यांपैकीं ५ जणांना छिन्नमनस्कता झाली. दुसऱ्यांपैकीं एकासही नाहीं. आईच्या हातीं न वाढतांही मुलांना रोग झाला, तेव्हां आईच्या वागणुकीवरील आरोप फार लंगडा पडला. पण हेस्टन यांच्या लेखांतील दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते, आणि ती फारशी सांगितली जात नाहीं. त्या ४७ जणांपैकीं सुमारें निम्मीं माणसें संसारांत व धंद्यांत नीट स्थिरावलेलीं होतीं, आणि दुसऱ्या गटाशीं ताडून पाहतां तीं अधिक मोकळीं, अधिक कल्पक छंदांत रमणारीं आढळलीं. कोणी संगीतांत, कोणी शिक्षकीपेशांत, कोणी घरांचे आराखडे आखण्यांत. १९३३ चा कायदा आणि १९३५ चें तें भाषण ध्यानांत आणून हें वाक्य पुन्हां ऐकावें.

डेन्मार्कमध्यें दत्तक मुलांच्या सरकारी नोंदी फार व्यवस्थित ठेवलेल्या आहेत. त्यांवरून सेमूर केटी, डेव्हिड रोझेंथाल आणि पॉल वेंडर ह्या अमेरिकन संशोधकांनीं १९६८ पासून जें काम केलें त्यानें ब्लॉयलर यांचें जुनें निरीक्षण अंशतः खरें ठरविलें. दत्तक दिलेल्या रोग्यांच्या रक्ताच्या नातलगांत चमत्कारिक विचार, संशय, तुटकपणा असे सौम्य विशेष इतरांहून अधिक सांपडले. १९८० सालीं अमेरिकेच्या मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणांत अशा स्वभावास स्वतंत्र नांव व स्वतंत्र जागा मिळाली. रोगाची पहिली पायरी म्हणून तो नोंदला गेला नाहीं, हें महत्त्वाचें.

तरीही आरंभींचा प्रश्न उरलाच होता. आठवणींवर विश्वास ठेवतां येत नाहीं; मग रोग जडण्यापूर्वीं माणूस कसा होता, हें कसें कळावें? उत्तर एकच : कोणास रोग होणार हें कोणासही ठाऊक नसतांना सर्वांचीच नोंद करून ठेवावयाची, आणि वाट पाहावयाची. ब्रिटनमध्यें मार्च १९४६ च्या एका आठवड्यांत जन्मलेल्या मुलांपैकीं ५,३६२ मुलांची अशी नोंद ठेवण्यांत आली होती, ती वेगळ्याच हेतूनें. १९९४ सालीं पीटर जोन्स व त्यांचे सहकारी यांनीं ती उलगडली, तेव्हां त्यांतील ३० जणांना पुढें छिन्नमनस्कता झाल्याचें आढळलें. हीं मुलें इतरांहून थोडीं उशिरां चालूं लागलीं होतीं. चौथ्या व सहाव्या वर्षीं एकट्यानें खेळण्याकडे त्यांचा कल अधिक होता. पंधराव्या वर्षीं शिक्षकांना तीं अधिक चिंतातुर वाटलीं होतीं. क्रेपेलिन यांचा लाजाळू मुलगा अगदींच काल्पनिक नव्हता तर! अमेरिकेंत एलेन वॉकर यांनीं आणखी एक युक्ति केली. रोग्यांच्या घरीं बाळपणीं हौसेनें घेतलेल्या चलच्चित्रफिती त्यांनीं मिळविल्या, आणि पुढील हकीकत ठाऊक नसलेल्या परीक्षकांना दाखविल्या. भावंडांच्या घोळक्यांतून पुढें आजारी पडणारें मूल परीक्षकांनीं नुसत्या अंदाजानें घडलें असतें त्याहून अधिक वेळां ओळखलें.

इतकें ऐकून कोणा आईच्या छातींत धस्स झालें असेल, तर तिनें स्वीडनचे आंकडेही ऐकावेत. तेथें १९६९-७० सालीं सक्तीच्या लष्करी भरतीसाठीं आलेल्या सुमारें ५० हजार तरुणांना स्वभावाविषयीं प्रश्न विचारले होते. पुढें ज्यांना छिन्नमनस्कता झाली त्यांच्या उत्तरांत चार गोष्टी विशेष आढळल्या : जिवलग मित्र दोनांहून कमी, लहान घोळक्यांतच बसण्याची आवड, आपण इतरांहून हळवे आहों ही भावना, आणि कायमची मैत्रीण नसणें. हा निष्कर्ष १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. परंतु ह्या चारही गोष्टी ज्यांच्या ठिकाणीं होत्या अशा तरुणांपैकीं शेंकडा तीनच पुढें मनोविकारानें आजारी पडले. उरलेले सत्याण्णव लाजाळूच राहिले, किंवा त्यांनीं लग्नें केलीं, नोकऱ्या केल्या, आणि कोणाच्या नोंदींत पुन्हां आले नाहींत. रोग्यांवरून मागें पाहिलें तर लाजाळूपणा ठळक दिसतो. लाजाळू माणसांवरून पुढें पाहिलें तर रोग क्वचितच दिसतो. दोन्ही विधानें एकाच वेळीं खरीं आहेत, आणि पहिल्याच विधानावर अर्धें शतक राज्य चाललें.

आज स्वभावाचें मापन पांच गुणांच्या मोजपट्टीनें करण्याचा प्रघात आहे : चिंतातुरपणा, बहिर्मुखता, नवीनाविषयींची आस्था, मनमिळाऊपणा आणि कर्तव्यतत्परता. रोगी व निरोगी असे गट घेऊन हे गुण मोजले असतां छिन्नमनस्क रोग्यांत पहिला गुण सरासरीनें अधिक व बाकीचे चार सरासरीनें कमी भरतात, असें निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत आढळलें आहे. सरासरी हा शब्द मी मुद्दाम उच्चारला. दोन्ही गटांतील माणसें मोठ्या प्रमाणांत एकमेकांत मिसळून बसतात. उत्तरपत्रिका पाहून हा रोगी व हा निरोगी असें कोणासही सांगतां येत नाहीं. शिवाय उत्तर देणारा मनुष्य वर्षानुवर्षें औषध घेत असेल, नोकरी गेलेली असेल, सोयरे दुरावलेले असतील, तर त्याचा मनमिळाऊपणा उणा भरल्यास नवल तें काय? कांहीं अंश आधींचा असावा, हें खरें. १९४६ च्या त्याच मुलांना सोळाव्या वर्षीं हान्स आयसेंक यांची स्वभावमापनाची प्रश्नावली दिली होती, आणि तींत जीं अधिक चिंतातुर आढळलीं त्यांना पुढें हा रोग होण्याचा संभव अधिक होता, असें २००१ सालीं दिसून आलें. पण बीज किती आणि व्रण किती, ह्याची वांटणी अद्याप झालेली नाहीं. ब्लॉयलर यांचे पुत्र मानफ्रेड यांनीं बुर्गहोल्त्स्ली येथील २०८ रोग्यांचा वीस वर्षांहून अधिक काळ मागोवा घेऊन १९७२ सालीं ग्रंथ लिहिला. अगदीं जुनाट रोग्यांतही मूळचा निरोगी मनुष्य झांकलेला असतो, आणि अवचित एखाद्या प्रसंगीं तो बाहेर येतो, हें त्यांनीं पुन्हां पुन्हां नमूद केलें आहे.

आपल्या देशांत हा वाद कोर्टाच्या पायरीवर आला तो विवाहाच्या निमित्तानें. हिंदु विवाहाच्या १९५५ च्या कायद्यास १९७६ सालीं दुरुस्ती झाली, आणि घटस्फोटास कारण होणाऱ्या मनोविकारांच्या व्याख्येंत स्किझोफ्रेनिया हा शब्द नांवानिशीं घातला गेला. मग बायको अबोल आहे, एकटीच बसते, एकदम रागावते, अशा स्वभावाच्या तक्रारी रोगाच्या नांवाखालीं कोर्टांत येणें क्रमप्राप्त होतें. १९८८ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें असेंच एक प्रकरण आलें. न्यायालयानें सांगितलें कीं, रोगाचें नुसतें नांव लावून भागत नाहीं. विकार आहे काय, आणि तो सहजीवन अशक्य व्हावें इतक्या तीव्रतेचा आहे काय, हें दोन्ही सिद्ध झालें पाहिजे. त्या पतीस तें सिद्ध करतां आलें नाहीं, आणि त्याची मागणी अमान्य झाली.